श्वासाची चाचणी की एंडोस्कोपी? एच. पायलोरीच्या तपासण्या शेजारीशेजारी ठेवून पाहताना

छातीत जळजळ, जेवणानंतर पोट फुगणे, करपट ढेकर या तक्रारी घेऊन ठाण्यात किंवा नवी मुंबईत डॉक्टरांकडे गेले की हल्ली ‘एच. पायलोरी तपासून घेऊ’ असे बऱ्याचदा ऐकायला मिळते आणि चिठ्ठीवर चारपैकी एखाद्या तपासणीचे नाव पडते: रक्तातील प्रतिपिंडे, शौचातील अँटिजेन (जिवाणूचे अंश), श्वासाची युरिया चाचणी किंवा एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून जठर पाहणे. चारही तपासण्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या एकाच जिवाणूच्या मागावर असल्या, तरी त्या एकमेकींना सरसकट पर्याय ठरत नाहीत. पहिल्या तिन्हींमधून संसर्ग आहे किंवा कधीतरी होऊन गेला एवढेच समजते. त्या संसर्गाने जठराच्या अस्तराची काय अवस्था केली, हे पाहायचे तर बायोप्सीसह, म्हणजे अस्तराचा तुकडा तपासणीसाठी काढून, एंडोस्कोपीच करावी लागते. माझ्या मते निवडीचा सारा प्रश्न या एका फरकावर ठरतो. दर, वेळ आणि नळीची धास्ती यांचा विचार त्यानंतर करावा.

बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, त्याबद्दल २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि मधल्या काळात, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग घडवणे सिद्ध झालेल्यांच्या, गटात टाकले. संसर्ग बहुधा लहानपणीच होतो आणि औषध घेतले नाही तर सहसा आयुष्यभर टिकतो. बाधित व्यक्तीच्या जठराला दीर्घकाळ सूज राहते. काहींमध्ये आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, पुढे त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, ज्याला इंटेस्टिनल मेटाप्लाझिया म्हणतात, त्यानंतर क्वचित डिसप्लाझिया, म्हणजे पेशींची कर्करोगाकडे झुकणारी विकृत वाढ, आणि त्याहून क्वचित कर्करोग होतो. पेलायो कोरिया या कोलंबियन विकृतिशास्त्रज्ञाने मांडलेली ही साखळी पूर्ण व्हायला बहुधा अनेक दशके जातात. भारतात संसर्ग सर्रास असूनही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण, मिझोरामसारखा ठळक अपवाद सोडला तर, तुलनेने कमीच आहे. त्यामुळे अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसताच हातपाय गाळण्याचे कारण नाही.

रक्ताची तपासणी सोपी आहे आणि नेमकी म्हणूनच सर्वाधिक गैरसमज पसरवते. जिवाणू औषधाने नाहीसा झाल्यावरही प्रतिपिंडे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, रक्तात राहतात. आपल्याकडे संसर्ग इतका पसरलेला असताना त्या ‘पॉझिटिव्ह’वरून आज उपचार हवेत की नाहीत हे ठरवता येत नाही. केवळ याच अहवालावर दोन आठवड्यांची प्रतिजैविके सुरू करायला कोणी सांगितले, तर दुसरी तपासणी मागावी.

श्वास आणि शौच या दोन्ही चाचण्या आजचा, चालू संसर्ग दाखवतात. जिवाणूकडे युरियाचे विघटन करणारे विकर असते. चिन्हांकित कार्बन असलेला युरिया रिकाम्या पोटी घेतला की तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासात उतरतो. प्रत्यक्षात कॅप्सूल पाण्याबरोबर घ्यायची, लॅबच्या बाकावर काही मिनिटे बसायचे आणि पिशवीत किंवा कार्डात फुंकायचे, एवढेच काम असते. ऐरोलीच्या आयटी कंपनीत पहिल्या पाळीला जाणाराही ते उरकून वेळेत पोहोचू शकतो. अचूकता सुमारे ९५ टक्के आहे. कार्बन-१३ वापरल्यास किरणोत्सार नसतो. कार्बन-१४ मध्ये तो नगण्य असतो, तरी गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी कार्बन-१३ किंवा शौचाची तपासणीच निवडावी. शौचातील अँटिजेनची तपासणी मोनोक्लोनल पद्धतीची असेल तर श्वासाच्या चाचणीच्या जवळपास जाते, आणि नमुना घरून नेण्याची सोय असल्याने वयस्कर माणसांना ती बरी पडते. कोणती पद्धत वापरली जाते, हे मात्र लॅबला आधी विचारावे. पटकन निकाल देणाऱ्या पट्ट्यांवर तेवढा विश्वास ठेवता येत नाही.

दोन्हींची खरी अडचण पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे येते. मामलेदारची मिसळ खायला निघताना खिशात ‘पॅन’ची पट्टी ठेवणारे ठाणेकर कमी नाहीत आणि त्यांतले बरेच जण हे औषध आहे असे मानतही नाहीत. या गोळ्या जिवाणूंची संख्या दडपतात आणि तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. तपासणीपूर्वी त्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके व बिस्मथ (जिवाणूवरच्या उपचारांत वापरले जाणारे पोटाचे औषध) चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात अल्सर असेल किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर परस्पर काही बंद करू नये. या काळात जळजळ झाल्यास साधे अँटासिड चालते.

एंडोस्कोपीला सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, घशात बधिरतेचा फवारा मारतात, तपासणी काही मिनिटांत होते, आणि गुंगीचे औषध घेतले असेल तर परतताना सोबतीला माणूस हवा. घोडबंदर रोडवर त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये. बायोप्सीचा एक तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात आणि जिवाणू असल्यास ते गुलाबी होते. पुष्कळदा तपासणी इथेच संपते, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. अस्तरातील बदल पाहायचे असतील तर अँट्रम आणि बॉडी या जठराच्या दोन भागांतून घेतलेले तुकडे वेगवेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यांत पॅथॉलॉजीकडे गेले पाहिजेत; सगळे एका डबीत गेले तर बदल कुठवर पसरला आहे ते कळत नाही. याला आणखी एक बाजू आहे. ग्रंथी फार झिजल्या आणि आम्ल कमी झाले की जिवाणूलाच तिथे राहणे जड जाते. अशा जठरात श्वासाची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे जोखीम सर्वांत जास्त असलेल्याच माणसाला ती खोटा दिलासा देते.

म्हणून तिशीतील, वजन टिकून असलेल्या, फक्त जळजळ आणि अपचनाची तक्रार असलेल्या माणसाने आधी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी. वजन घटणे, काळे शौच, गिळताना अडकणे, सतत उलट्या, कारण न सापडणारा ॲनिमिया, यांपैकी काहीही असेल, उतारवयात प्रथमच तक्रार सुरू झाली असेल, किंवा आईवडील वा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेला असेल, तर थेट एंडोस्कोपी करावी. अशा वेळी आधी श्वासाची चाचणी करून आठवडे घालवणे मला पटत नाही.

बायोप्सीत मेटाप्लाझिया फक्त अँट्रममध्ये आणि कुटुंबात कर्करोग नसेल, तर जिवाणूवर उपचार सहसा पुरेसे होतात. दोन्ही भागांत पसरलेला असेल तर सुमारे तीन वर्षांनी एंडोस्कोपी पुन्हा करण्याचा सल्ला दिला जातो. जिवाणू गेल्यावर सूज उतरते, झीज काही अंशी भरून येऊ शकते. मेटाप्लाझिया मात्र सहसा मागे फिरत नाही. डिसप्लाझिया लिहून आला तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यावे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड पुन्हा वाचल्या जातात, आणि त्याच टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था खारघरला आहे.

उपचार बहुधा चौदा दिवसांचे असतात आणि बिस्मथ असेल तर शौच काळे होते, ते रक्तस्रावाचे लक्षण नसते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आपल्याकडे पुष्कळ असल्याने औषधांनंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करणे गरजेचे आहे. त्या वेळी, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे थांबवून, श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुरते. बायोप्सीचे दुसरे कारण नसेल तर तेवढ्यासाठी पुन्हा नळी घालून घेण्याची गरज नसते.