डीलरकडे टाकलेला क्लच: एक खरीप आणि एक उन्हाळी धान वापरल्यानंतर

ट्रॅक्टर पन्नास एचपीच्या आतला, डबल क्लचचा. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडच्या धानपट्ट्यात चालतो. घरच्या बांध्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, आटोपल्या की शेजारपाजारच्यांच्या चिखलणीला जातो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार ट्रॅक्टरबद्दल नाहीच. इंजिन दणकट आहे, डिझेलला आवरतं आहे, उद्या दुसरा घ्यायचा झाला तर हाच घेईन. लिहायचं आहे ते अधिकृत डीलरच्या वर्कशॉपबद्दल. त्यांनी क्लचचं काम बिघडवलं, आणि ते त्यांच्याकडूनच सरळ करून घेण्यात आमचा रोवणीचा हंगाम गेला.

क्लच प्लेट तशीही झिजली होती. मृग लागायच्या आत काम करून घ्यावं म्हणून गाडी डीलरकडे लावली. गावातला मिस्त्री निम्म्या मजुरीत करून देत होता, पण ओरिजिनल पार्ट आणि पक्कं बिल मिळेल, या हिशेबाने शोरूम धरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा म्हणजे गाडी मधोमध खोलून इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे करावा लागतो. एवढं खोलल्यावर फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकचं ऑइल सील (इंजिनचं ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) बदलतातच, कारण पार्ट स्वस्त आणि तिथे पोचायची मजुरी महाग. बिलात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, ऑइल सील, सगळं होतं. गाडी हातात आली तेव्हा पेडल हलकं, गिअर लोण्यासारखे पडत होते. रोडने घरी आणली, ट्रॉलीला चालवली, काही तक्रार नव्हती.

चिखलणी सुरू झाली आणि खरं रूप दिसलं. आमच्या काही बांध्या कन्हाराच्या आहेत, काळी भारी जमीन, पाणी लागलं की चाक धरून ठेवते. तिथे केज व्हील (चिखलणीची लोखंडी चाकं) लावून लोड आला की इंजिनची रेस वाढायची आणि गाडी जागेवर. पेडल पूर्ण सोडलेलं, तरी चाकाला ताकद पोचत नव्हती. जळका वास यायचा. मोरंडात, म्हणजे त्याहून हलक्या जमिनीत, किंवा सडकेवर हाच ट्रॅक्टर मुकाट चालायचा.

इथून डीलरची कहाणी सुरू होते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गाडी त्यांच्या आवारात एक चक्कर फिरवली, पहिल्या गिअरमध्ये, रिकामी. म्हणाला, "काही नाही भाऊ, नवीन प्लेट आहे, बसायला वेळ लागते." रिकाम्या गाडीत क्लच स्लिप होत नाही, म्हणजे घसरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला म्हटलं, बांधीत चल, डोळ्याने पाहा. हंगामात माणूस मोकळा नाही, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी पेडलचं फ्री प्ले (मोकळी चाल) थोडं वाढवून दिलं. त्यानंतर मात्र बोलण्याचा सूर बदलला. "तुमचा ड्रायवर क्लचवर पाय ठेवून चालवून राहिला असंल. प्लेट घासणारा पार्ट होय, वॉरंटीत येत नाही." ड्रायव्हर म्हणजे मीच. आजवर बांधीत या गाडीला दुसऱ्याचा पाय लागलेला नाही.

खरा प्रकार गावच्या मिस्त्रीने दाखवला, ज्याला आम्ही काम दिलं नव्हतं त्यानेच. क्लच हाऊसिंगच्या बुडाला एक छिद्र असतं. सील गळायला लागलं तर ऑइल आत साचू नये, खाली पडावं आणि मालकाला दिसावं, यासाठी ते ठेवलेलं असतं. बहुतेक गाड्यांत त्यात दुबोटी पिन लोंबकळत असते, ती हलत राहते आणि छिद्र बुजत नाही. चिखलात उतरायचं असेल तेव्हाच तिथे प्लग लावतात, म्हणजे पाणी आत जाणार नाही. काम संपलं की प्लग काढायचा. आमच्या गाडीला डीलरने काम देतानाच प्लग घट्ट बसवून दिला होता. "धानपट्ट्यातली गाडी म्हणून लावला जी," असं नंतर सांगितलं, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे. मिस्त्रीने प्लग फिरवला तशी काळी पातळ धार लागली. त्याने बोटावर घेऊन चोळून पाहिलं. "भाऊ, गिअरचं ऑइल पिवळं राहते आणि चिकट. हे इंजिनचं होय. सील गेलं तुमचं." म्हणजे नव्या कोऱ्या प्लेटला इंजिन ऑइलची आंघोळ घडत होती. पाय ठेवून क्लच जाळल्याचा आरोप तिथेच संपायला हवा होता.

संपला नाही. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला, हे आमचं ऑइल कशावरून.

त्यानंतर आवाज चढवणं बंद केलं, कारण काउंटरवर ओरडणाऱ्यांची त्यांना सवय असते. ओरडणारा दमतो, घरी जातो, आणि कंपनीच्या संगणकात त्याच्या नावापुढे काहीच उरत नाही. आमच्या आधीच्या सगळ्या फेऱ्यांची जॉब कार्डं (तक्रार आणि केलेलं काम नोंदवायचे कागद) मागितली तेव्हा हे कळलं. एकीवर 'जनरल चेकअप', दुसरीवर 'क्लच अ‍ॅडजस्टमेंट'. तक्रार कुठेच नाही. कंपनीच्या लेखी आम्ही हौसेने गाडी दाखवायला येणारे गिऱ्हाईक होतो.

या वेळी जॉब कार्डावर माझ्या शब्दांत लिहून घेतलं: लोडवर क्लच स्लिप, हाऊसिंगमधून इंजिन ऑइल, अमुक तारखेच्या बिलातल्या कामानंतर. अ‍ॅडव्हायझर लिहायला तयार नव्हता. "सिस्टममध्ये एवढं बसत नाही." मग हाताने लिहा म्हटलं, शिक्का मारा, त्याशिवाय सही करत नाही आणि गाडीही हलवत नाही. गाडी त्यांच्या गेटात आडवी उभी होती, हे सांगायला हवं. शिक्का मिळाला. तिथूनच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घेतला आणि तोही त्याच कार्डावर लिहिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंद केली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे विचारणा पाठवते, पण त्या विचारणेने तक्रार लेखी नोंदीत येते, आणि डीलरला नेमकं तेच नको असतं.

नागपूरहून कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला. तोवर रोवणी निघून जात होती, पऱ्हे (धानाची रोपं) वाढले होते, आणि आम्ही दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावून चिखलणी करत होतो. स्वतःचा ट्रॅक्टर शोरूमच्या आवारात उभा असताना दुसऱ्याला ताशी भाडं मोजणं काय असतं ते धान लावणाऱ्याला सांगायला नको.

गाडी माझ्यासमोर खोलायची, ही अट आधीच घातली होती. खोलल्यावर वादाला जागाच राहिली नाही. प्लेटचे रिवेट खोल होते, जाडी जवळपास नव्याची, म्हणजे झीज नव्हतीच. फक्त पृष्ठभाग काळा, तेलकट, काचेसारखा चमकणारा. आणि सील काढलं तेव्हा इंजिनिअरने ते उलटं करून मला दाखवलं: रबराची आतली कड एका बाजूला बोटभर दुमडली गेलेली, आणि कडेला दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग तिथेच जागेवरून निसटलेली. क्रँकवर सील चढवताना गाइड न वापरता ठोकून बसवलं की असं होतं. पार्ट चांगला, बसवणं वाईट. डीलरच्या मॅनेजरने तरीही एक शेवटचा प्रयत्न केला, प्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकू म्हणाला. इंजिनिअरनेच नाही सांगितलं. प्लेटच्या लायनिंगने ऑइल पिलं की ते धुऊन निघत नाही, गरम झालं की पुन्हा वर येतं.

सील, प्लेट आणि मजुरी, सगळं फुकट झालं. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग साफ केला, गिअरबॉक्सकडचं सीलही बदललं. दुसऱ्या वेळी काम ज्या हेड मिस्त्रीने केलं तो माणूस कसबी आहे. पहिलं काम हंगामाच्या गर्दीत नव्या पोराच्या हाती दिलं होतं, हे त्यानेच चहा पिताना सांगितलं. मला त्या पोराचा राग नाही. सील दुमडू शकतं. राग आहे तो काउंटरचा, ज्याने प्लग काढून पाहण्याऐवजी माझ्या पायावर आळ घेतला.

कामानंतर धान निघाला, मळणी झाली, ट्रॉलीने खरेदी केंद्रावर पोती वाहिली. नंतर उन्हाळी धानाची चिखलणी त्याच कन्हाराच्या बांधीत केली. क्लच एकदाही स्लिप झाला नाही. चिखलणी आटोपली की प्लग काढतो आणि खाली कोरडा पुठ्ठा ठेवतो. आतापर्यंत पुठ्ठा कोरडाच आहे. पेडल पहिल्यापेक्षा किंचित जड वाटतं, पण काम एक नंबर.

राहिला प्रश्न भाड्याचा. दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावला त्याच्या पावत्या ठेवल्या आहेत. डीलर ते पैसे द्यायला तयार नाही, त्याऐवजी पुढच्या सर्व्हिसमध्ये सूट देतो म्हणतो. सूट घेतली नाही, कारण ती घेताना 'पूर्ण समाधान' अशा कागदावर सही मागत होते. तोंडी असंही ऐकवलं की ट्रॅक्टर भाड्याने फिरवता, तर तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून अनेक जण मागे फिरतात म्हणून लिहितो: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक वापर वगळला आहे हे खरं, पण माणूस स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू वापरत असेल तर तो वापर व्यावसायिक धरत नाहीत. दहा ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर ठेवून धंदा करणारा वेगळा, स्वतःच्या हाताने चार बांध्या चिखलणारा वेगळा.

त्याच कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आम्हाला भंडाऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग चालतो, कंपनीच्या मुख्यालयापर्यंत जायची गरज नाही. वस्तू किंवा कामासाठी आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ऑनलाइनही दाखल होते, पण आमच्याकडे नेट असं आहे की एक पीडीएफ चढवताना चहा दोनदा गरम करावा लागतो.

पुढे डीलरकडे जाणार का? पार्ट घ्यायला जाईन, ओरिजिनल माल आणि पक्कं बिल तिथेच मिळतं. ऑइल-फिल्टरची सर्व्हिसही तिथेच, तेवढं ते नीट करतात. गाडी खोलायचं काम असेल तर हेड मिस्त्री हजर आहे का हे आधी फोनवर विचारीन, हंगाम तोंडावर असेल तर देणारच नाही, आणि जुने पार्ट पिशवीत बांधून परत मागीन. ते दुमडलेलं सील अजून माझ्याकडेच आहे, जॉब कार्डासोबत.

नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे आणि पोच आली आहे. येत्या रोवणीच्या आत भाड्याचं लेखी उत्तर आलं नाही तर भंडाऱ्याला तक्रार दाखल करणार आहे.