झेडएफएस की एमडी-एलव्हीएम? युनिक्स सर्व्हरची साठवण निवडताना

आठ खणांचा एक सर्व्हर, प्रत्येक खणात १२ टेराबाइटची डिस्क आणि हे सगळे सांभाळायला एक किंवा दोनच माणसे: छोट्या संस्थेत, महाविद्यालयात किंवा छापखान्यात आढळणारी ही मांडणी डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. अशा सर्व्हरवर लिनक्स चालणार असेल तर साठवणीचे दोन प्रमुख मार्ग समोर असतात. पहिल्या मार्गात एमडी रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी डेटा टिकवणारी लिनक्सची सोय), त्यावर एलव्हीएम (त्या जागेचे हवे तसे भाग पाडणारा थर) आणि सर्वांत वर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था) अशी तीन थरांची रचना असते. दुसऱ्या मार्गात ही तिन्ही कामे झेडएफएस एकटेच करते. फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांपुढे हा पेच फारसा नसतो, कारण तेथे झेडएफएस मूळ प्रणालीचाच भाग आहे. वेगावरून ही निवड करू नये असे माझे मत आहे. डेटा कसा वाढणार आहे, तो किती वर्षे न उघडता पडून राहणार आहे आणि डिस्क बिघडल्यावर ती बदलायला कोण जाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत.

जोडणी

डिस्क जोडण्याचा भाग दोन्ही मार्गांना जवळजवळ सारखाच आहे. मदरबोर्डवर साटाचे (डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीचे) आठ पोर्ट असतील तर ते पुरतात. नसतील तर सॅस (सर्व्हरमधील डिस्कजोडणी) प्रकारचे साधे एचबीए कार्ड, म्हणजे डिस्क फक्त जोडून देणारे कार्ड, घ्यावे. सॅसच्या खणात साटा डिस्क बसते, मात्र साटाच्या जोडणीत सॅस डिस्क बसत नाही, त्यामुळे जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त सॅस डिस्क घेण्यापूर्वी हे तपासावे. साटाची केबल १ मीटरपलीकडे नेता येत नाही, म्हणून डिस्कांचा वेगळा डबा ठेवायचा असेल तर सॅसला पर्याय नाही. यूएसबीने जोडलेल्या डिस्क कायमस्वरूपी रेडमध्ये घेऊ नयेत. मधली चिप अधूनमधून रीसेट होते आणि पुष्कळदा डिस्कची 'स्मार्ट' माहितीही (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या प्रकृतीची नोंद) पलीकडे पोहोचू देत नाही.

नावांच्या बाबतीत थोडी शिस्त लागते. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे ज्या क्रमाने त्या सापडतील त्या क्रमाने देते, आणि एक डिस्क कमी झाली की पुढच्या रीबूटला सगळा क्रम सरकू शकतो. म्हणून झेडएफएसचा पूल (डिस्कांचा एकत्रित साठा) बनवताना 'बाय-आयडी' निर्देशिकेतील नावे वापरावीत, ज्यांत डिस्कचा अनुक्रमांक असतो, आणि एफएसटॅबमध्ये (यंत्र सुरू होताना जोडायच्या फाइल सिस्टीमच्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा ओळखक्रमांक, लिहावा. तोच अनुक्रमांक कागदाच्या पट्टीवर लिहून खणाच्या दर्शनी बाजूला चिकटवला, की चुकीची डिस्क ओढली जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

डिस्क कोणती घ्यावी, यालाही एक पोटप्रश्न आहे. लिनक्स एखाद्या आज्ञेच्या उत्तराची साधारण ३० सेकंद वाट पाहते. घरगुती वापराची डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरील छोटा तुकडा) वाचण्यासाठी त्याहून जास्त वेळ झगडत राहू शकते. अशा वेळी कर्नल (प्रणालीचा गाभा) जोडणी रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी धडधाकट डिस्क रेडबाहेर फेकली जाते. सर्व्हरसाठीच्या किंवा एनएएससाठीच्या (नेटवर्कवरील साठवण यंत्रासाठीच्या) डिस्क सहसा ७ सेकंदांत हार मानतात आणि उरलेले काम रेडवर सोपवतात. किमतीतील फरक मुख्यतः यासाठी मोजावा.

हार्डवेअर रेड कार्ड

रेडचे काम स्वतःच करणारे कार्ड बसवणे, हा तिसरा मार्ग अजूनही सुचवला जातो. बॅटरीवर टिकणारी कॅश (लिहायच्या डेटाची तात्पुरती जागा) ही त्याची खरी जमेची बाजू आहे. परंतु कार्ड जळाले तर बहुधा त्याच कुळातील कार्ड शोधावे लागते, आणि कार्डाआड लपलेल्या डिस्क झेडएफएसला स्वतंत्रपणे दिसत नाहीत. नवी खरेदी असेल तर माझ्या मते हा मार्ग सोडून द्यावा.

डेटा बरोबर आहे, हे कोण सांगणार?

दोन मार्गांमधील सर्वांत खोल फरक येथे आहे. डिस्कने 'मला हा सेक्टर वाचता येत नाही' असे कबूल केले, तर एमडी रेड दुसऱ्या डिस्कवरून किंवा पॅरिटीवरून (हरवलेला डेटा परत काढता यावा म्हणून साठवलेल्या जादा हिशेबावरून) तो भाग पुन्हा तयार करते आणि जागच्या जागी लिहूनही टाकते. येथपर्यंत दोन्ही मार्ग तुल्यबळ आहेत. अडचण येते ती डिस्क, केबल किंवा कंट्रोलर काहीही तक्रार न करता चुकीचे बाइट हाती देतात तेव्हा. डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एमडीची तपासणी आपोआप चालते आणि शेवटी न जुळलेल्या जागांचा आकडा मिळतो. पण मिररमधील (एकच डेटा दोन डिस्कांवर ठेवण्याच्या रचनेतील) दोन प्रतींपैकी खरी कोणती, हे एमडीला ठरवता येत नाही. दुरुस्तीचा आदेश दिला तर ते एक प्रत दुसरीवर उतरवते, किंवा पॅरिटी असलेल्या रचनेत डेटा बरोबर आहे असे गृहीत धरून पॅरिटी नव्याने मांडते. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ फार तर स्वतःच्या मेटाडेटाचे (फाइलींविषयीच्या नोंदींचे) चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, ठेवतात, फाइलींमधील मजकुराचे ठेवत नाहीत.

झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकपाशी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्यामुळे वाचताना चूक सापडली, की कोणती प्रत खरी हे त्याला कळते, ती प्रत वापरकर्त्याला दिली जाते आणि बिघडलेली जागा दुरुस्त होते. दुरुस्त करण्याजोगी प्रतच उरली नसेल, तर 'झेडपूल स्टेटस'चा तपशीलवार अहवाल बिघडलेल्या फाइलींची नावे देतो. बॅकअपमधून तेवढ्याच चार फाइली आणायच्या की सगळा डेटा संशयास्पद मानायचा, हा फरक त्या यादीमुळे पडतो. स्कॅन केलेली कागदपत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे असा वर्षानुवर्षे न उघडला जाणारा डेटा असेल, तर माझ्या दृष्टीने निवड येथेच संपते. एमडीखाली डीएम-इंटेग्रिटी नावाचा थर घालून असेच संरक्षण मिळवता येते, पण दोन माणसांच्या संस्थेने चौथा थर अंगावर घ्यावा असे मला वाटत नाही.

वीज अचानक गेली तर काय होते, तेही पाहावे. पॅरिटी असलेल्या एमडी रेडमध्ये डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायची राहिली, अशी अर्धवट अवस्था येऊ शकते. तीवर जर्नलसारखे (काय लिहायचे त्याची आधी नोंद ठेवण्यासारखे) उपाय आहेत, पण ते आपण होऊन चालू करावे लागतात. झेडएफएस जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही, नवा ब्लॉक दुसरीकडे लिहून मग मुळापासूनचा दुवा बदलते, त्यामुळे ही अवस्था मुळातच उद्भवत नाही.

वाढ आणि बदल

या बाबतीत पारडे उलट झुकते. एलव्हीएम लिनक्समध्ये १९९८ पासून आहे आणि ते एचपी-यूएक्समधील त्याच नावाच्या व्यवस्थेच्या धर्तीवर बेतलेले आहे. चालू यंत्रात फेरफार करणे हाच त्याचा पिंड. 'पीव्हीमूव्ह' या आज्ञेने फाइल सिस्टीम माउंट (जोडलेली) असताना, लोक काम करत असताना, सगळा डेटा जुन्या डिस्कांवरून नव्या डिस्कांवर नेता येतो आणि मग जुन्या डिस्क काढून घेता येतात. एमडीमध्ये रेड ५ चे (एका पॅरिटीचे) रेड ६ (दोन पॅरिटीचे) करता येते, डिस्क वाढवता येते. काम मंद चालते, पण होते. एक मर्यादा ध्यानात असावी: एक्सएफएस वाढवता येते, व्यवहारात लहान करता येत नाही, आणि ईएक्सटी४ लहान करायचे तर आधी अनमाउंट करावे लागते.

झेडएफएसमध्ये सुरुवातीचा आराखडा बऱ्याच अंशी कायमचा असतो. रेड-झेड (झेडएफएसची पॅरिटीची रचना) गटात एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत आली. तरीही एका पॅरिटीचा गट दोन पॅरिटीचा करता येत नाही, आणि वाढ केल्यानंतर जुना डेटा पुन्हा लिहिला जाईपर्यंत जुन्याच प्रमाणात पडून राहतो. सर्वांत महागात पडणारी चूक 'झेडपूल ॲड'ची, म्हणजे पूलमध्ये डिस्क घालणाऱ्या आज्ञेची आहे. रेड-झेडच्या पूलमध्ये एकटी डिस्क घालू लागल्यास आज्ञा 'संरक्षणाची पातळी जुळत नाही' अशा अर्थाचा इशारा देऊन थांबते, परंतु घाईत सक्तीचा पर्याय जोडला तर ती डिस्क पूलचा संरक्षणहीन भाग होते आणि पुन्हा काढता येत नाही. ती डिस्क गेली की पूल गेला. उतारा एवढाच, की लगेच तिला आणखी एक डिस्क जोडून तिचा मिरर करावा.

आठ डिस्कांसाठी दोन पॅरिटीची मांडणी घेतली तर दोन्ही मार्गांत सुमारे ७२ टेराबाइट मिळतात. चार मिरर केले तर ४८. जागा हवी असेल तर पहिली मांडणी, लवचीकपणा हवा असेल तर दुसरी. झेडएफएसचे मिरर दोन-दोन डिस्कांनी वाढवता येतात आणि काढताही येतात. एक पॅरिटी मात्र या आकाराच्या डिस्कांवर कोणत्याही मार्गाने ठेवू नये. २०० मेगाबाइट प्रतिसेकंद हा वेग धरला तरी १२ टेराबाइटची डिस्क भरून निघायला सुमारे १७ तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या सातही डिस्क सतत वाचल्या जात असतात.

बदललेली डिस्क भरताना एमडी रिकाम्या जागेसह संपूर्ण डिस्क भरते, कारण फाइल सिस्टीमने कोणती जागा वापरली आहे हे त्याला माहीत नसते; झेडएफएस वापरलेल्याच जागेची उभारणी करते. पूल एक तृतीयांशच भरलेला असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. पूल ८० टक्क्यांच्या पुढे भरत नेणे मात्र झेडएफएसला मानवत नाही. मोकळी जागा विखुरते आणि लिहिण्याचा वेग उतरतो.

स्नॅपशॉट, बॅकअप आणि स्मृती

एलव्हीएमच्या पारंपरिक स्नॅपशॉटला (एका क्षणीच्या डेटाच्या गोठवलेल्या चित्राला) आधी जागा राखून द्यावी लागते आणि ती भरली की स्नॅपशॉट बाद होतो. बॅकअप घेण्यापुरता तासाभराचा स्नॅपशॉट म्हणून तो ठीक आहे. झेडएफएसचे स्नॅपशॉट महिनोन्महिने ठेवता येतात. लाखो लहान फाइली असतील तर दुसऱ्या यंत्रावर प्रत पाठवताना आरसिंकला (फाइलींच्या प्रती जुळवणाऱ्या साधनाला) प्रत्येक फाइलीची विचारपूस करत हिंडावे लागते; दोन स्नॅपशॉटांमध्ये कोणते ब्लॉक बदलले हे झेडएफएसला आधीच ठाऊक असल्याने ते तेवढेच पाठवते.

झेडएफएसच्या या सोयींची किंमत स्मृतीत (रॅममध्ये) मोजावी लागते. झेडएफएस स्वतःच्या कॅशसाठी मोठा वाटा घेते, आणि त्याच यंत्रावर डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तर त्या वाट्याला मर्यादा घालून द्यावी. डेटाबेससाठी रेकॉर्डचा (झेडएफएस एका वेळी लिहिते त्या तुकड्याचा) आकारही बदलावा लागतो: झेडएफएसमध्ये तो मुळात १२८ किलोबाइट असतो, तर पोस्टग्रेस या डेटाबेसचे पान ८ किलोबाइटचे असते. एक्सएफएसवर या उठाठेवीची गरज पडत नाही.

परवान्याचा मुद्दा व्यवहारात असा भेटतो. झेडएफएसचा सीडीडीएल परवाना लिनक्सच्या जीपीएलशी जुळत नसल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते, म्हणून ते मुख्य कर्नलमध्ये नाही. उबुंटू २०१६ पासून त्याचे मॉड्यूल तयार देते; डेबियनवर ते प्रत्येक नव्या कर्नलसोबत बांधले जाते; रेड हॅट त्याला आधार देत नाही. पैसे भरून घेतलेल्या रेड हॅटच्या सेवेवर संस्था विसंबून असेल, तर मध्यरात्री मदत मागताना झेडएफएस आडवे येऊ नये, यासाठी एमडी, एलव्हीएम आणि एक्सएफएस हीच निवड योग्य. मुख्य काम डेटाबेसचे असेल किंवा दर वर्षी डिस्कांची रचना बदलणार असेल, तरीही तीच.

इतरांसाठी मधला मार्ग उपलब्ध आहे आणि मी बहुधा तोच सुचवतो. प्रणालीसाठी दोन लहान एसएसडींचा एमडी मिरर करून त्यावर ईएक्सटी४ ठेवावे आणि आठ मोठ्या डिस्क दोन पॅरिटीच्या झेडएफएस पूलला द्याव्यात. कर्नल बदलल्यावर झेडएफएसचे मॉड्यूल बांधले गेले नाही, तर डेटा तात्पुरता दिसत नाही, पण यंत्र सुरू होते, दूरवरून आत शिरता येते आणि जुन्या कर्नलवर परत जाता येते.