टीव्हीच्या तारा भिंतीत: जुळे सोलापुरातील एका वायरमनच्या कामाविषयी

भिंतीवर टीव्ही टांगून देणारे तंत्रज्ञ ब्रॅकेटचे स्क्रू आवळून निघून जातात. खाली लोंबणाऱ्या तारांचे काय करायचे, हे त्यांच्या कामात बसत नाही. आमच्याकडे आलेल्यांनी फार तर केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवरून तारा झाकणारी प्लास्टिकची पट्टी, मारून देण्याची तयारी दाखवली. तारा भिंतीतूनच न्यायच्या असल्याने जुळे सोलापुरातील एका परवानाधारक वायरमनला हे काम दिले. विद्युत काम उत्तम आणि आवराआवर सुमार, असा त्याच्या सेवेविषयीचा माझा अभिप्राय आहे.

त्याने कटर बाहेर काढण्यापूर्वी भिंतीची चौकशी केली, हे मला विशेष आवडले. आपल्याकडील भिंती विटांच्या आणि भरीव असल्यामुळे तारेसाठी झिरी, म्हणजे भिंतीत लांब खाच, मारावीच लागते, आणि झिरी किती खोल न्यायची हे भिंतीच्या जाडीवर ठरते. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा व आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातला संकेत आहे. आमची भिंत साडेचार इंची आणि तिच्या पलीकडे स्वयंपाकघराच्या टाइल्स. त्यामुळे आडवी किंवा तिरपी झिरी मारण्यास त्याने साफ नकार दिला, खालचे कॅबिनेट टीव्हीच्या बरोबर खाली सरकवायला लावले आणि टाइल्स हादरू नयेत म्हणून छिन्नी-हातोडीऐवजी कटरने दोन रेघा कापून मधला भाग हलक्या हाताने काढला. कॉलमला तर हातही लावणार नाही, कारण आतल्या सळईला धक्का लागतो, हे त्याने आपणहून सांगितले.

पाइपच्या मापाबद्दल मात्र आमची बरीच चर्चा झाली. घरातल्या वायरिंगला चालतो तो २५ मिलिमीटरचा पाइप माझ्या मते पुरेसा होता. त्याने एचडीएमआय केबलचे, म्हणजे टीव्हीला चित्र व आवाज पुरवणाऱ्या तारेचे, टोक त्या पाइपच्या तोंडाशी धरले. तार सहज मावत होती, पण टोकावरचे जाड प्लास्टिक कडेला अडत होते. हे टोक कापून पुन्हा जोडता येत नाही, म्हणून पाइप तारेच्या नव्हे तर टोकाच्या मापाने घ्यावा लागतो. अखेर ३२ मिलिमीटरचा पाइप बसवला. दोन्ही तोंडांशी काटकोनी एल्बो न लावता लांब वळणाचे बेंड लावले आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली. पुढे केबल बदलायची झाल्यास भिंत न फोडता ती ओढून घेता येईल.

विजेसाठी त्याने वेगळा पाइप वीतभर अंतरावरून नेला. टीव्हीसोबत आलेली लवचीक वायर भिंतीत पुरायची नसते; बोर्डापासून दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारा अर्थिंगसह वर नेऊन टीव्हीच्या मागे सॉकेट बसवायचे असते, आणि त्याने तसेच केले. एमसीबी (वीजप्रवाह तोडणारा स्विच) बंद केल्यावरही टेस्टर लावून पाहिल्याशिवाय त्याने तारेला हात लावला नाही. झिरी बुजवण्याआधी केबल पाइपातून ओढून टीव्ही सुरू केला आणि ४के चित्र व आवाज दोन्ही तपासून घेतले. आमचे अंतर जेमतेम सहा फूट असल्याने साधी तांब्याची केबल पुरली. दिवाणखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे असेल तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घेणे बरे. तिची दिशा ठरलेली असते आणि उलटी ओढली गेली तर चित्रच दिसत नाही.

तक्रारी धुळीपासून सुरू होतात. कटर कोरडाच चालतो आणि आच्छादनाची सोय आपण करायची असते. झाकायला सोलापुरात चादरींची वाण नाही, पण विटेची लाल भुकटी चादरीतूनही खाली उतरते. प्लास्टिकचे मोठे कापड आणून ठेवावे. दुसरे म्हणजे झिरीवर जाळी ठोकून गिलावा केल्यावर त्यावर पाणी मारत राहणे हे घरमालकाच्या अंगावर पडते. उन्हाळ्यात, तापमान चाळिशीपलीकडे गेलेले आणि नळाला पाणी काही दिवसांआड येत असताना, एवढ्याशा पट्टीसाठीही टाकीतले पाणी राखून ठेवावे लागते. नाहीतर गिलावा झटकन सुकून केसासारख्या भेगा पडतात. आमच्या पट्टीच्या वरच्या टोकाला अशी एक भेग पडली. ती भरून देण्यासाठी तो आला खरा, पण बऱ्याच फोननंतर.

मजुरी फुटावर, साहित्य वेगळे, आणि राडारोडा उचलण्याचा प्रश्न कोणीच काढत नाही, तेव्हा तो आधीच बोलून घ्यावा. पुट्टी आणि रंग तो करत नाही. जुन्या रंगावर नवी पट्टी वेगळी दिसतेच, म्हणून रंगाऱ्याला पूर्ण भिंतीचेच काम सांगावे लागले. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी किंवा टीव्हीची जागा अजून पक्की न झालेल्यांनी त्याला न बोलावता केसिंग पट्टीच लावून घ्यावी. घराला रंग देण्याचा बेत असेल, तर रंगारी येण्यापूर्वी, गिलावा पूर्ण सुकायला अवधी राहील अशा बेताने त्याला बोलवावे.