चिंतनवही उत्तम, पण तिला गुण कशाला?

रत्नागिरी शहरातील एका संस्थेचा बालवाडी शिक्षिकांसाठीचा अर्धवेळ अभ्यासक्रम मी यंदा पूर्ण केला. वर्ग शनिवार-रविवारी भरत असल्यामुळे नोकरी सांभाळून तो करता येतो, मात्र पावसाळ्यात एसटी चुकली तरी गैरहजेरी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

अभ्यासक्रमाची खरी जमेची बाजू म्हणजे चिंतनवही. मुले घरी गेल्यावर त्या दिवशीचा एक प्रसंग लिहायचा, आपण तसे का वागलो हे तपासायचे आणि पुढे काय बदलणार ते नोंदवायचे, अशी तिची रीत आहे. सुरुवातीला बहुतेक जणी ‘आज मुले छान रमली’ असे लिहून मोकळ्या होत. मार्गदर्शक बाई त्याखाली पेन्सिलीने विचारत, ‘कोणते मूल? ते कुठे बसले होते? तुम्ही नेमके काय म्हणालात?’ एका ताईंनी, डबा न आणणाऱ्या मुलाला आपण रोज स्वतःची भाकरी देतो, असे समाधानाने लिहिले होते. चर्चेत बाईंनी एवढेच विचारले की, त्या वेळी बाकीची मुले कुठे पाहत असतात. ते मूल आपल्या मायेमुळेच रोज सर्वांसमोर वेगळे पडते, हे ताईंच्या ध्यानात आले आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांच्याकडे सगळे डबे मधोमध ठेवून वाटून खाल्ले जाऊ लागले.

अशा वहीला अंतिम मूल्यमापनात गुण ठेवावेत, हे मात्र मला अजिबात पटलेले नाही. गुण आले की लहानसा, सोयीचा दोष, त्यावर पश्चात्ताप आणि लगेच सुधारणा असा साचा तयार होतो; मुलाला चापट मारली, हे मग कोण लिहील? वही नियमित ठेवली की नाही, एवढेच पाहावे.

गोपनीयतेवरील सत्रही अपुरे वाटले. पालकांना न विचारता मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर टाकू नयेत, हे उत्तम समजावले. परंतु नोंदीत मुलाचे नाव बदलले की काम भागते, हा सल्ला वाडीत टिकत नाही. ‘वडील बोटीवर, आई मुंबईला’ एवढे वाचले की मूल कोणाचे, हे मदतनीसही सांगेल.

ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावरील व्याख्यानात 1945 साली, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला सुरू झालेले आणि 1957 साली जवळच्याच कोसबाडला गेलेले त्यांचे काम सनावळीपुरतेच उरकले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, या निर्णयामागे गैरहजेरीचा दोष मुलावर न ठेवण्याची जी भूमिका होती, तिच्यावर एक अख्खे सत्र घेता आले असते.

सध्या मुलांना शिकवत असलेल्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. ज्या अजून कुठेच रुजू झालेल्या नाहीत, त्यांनी आधी एखाद्या अंगणवाडीत काही महिने काम करावे. नाहीतर वहीत लिहायला प्रसंग कुठून आणणार?