नीटच्या जीवशास्त्रासाठी वाचनाचा सराव : दिवाळीपासून आजवरचा अनुभव

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला असतो. मुलगी यंदा रिपीटर म्हणून, म्हणजे पुन्हा एकदा, नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) बसतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीतून. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरातल्यांचे डोळे कुठे लागलेत हे वेगळं सांगायला नको.

दिवाळीच्या सुमारास टेस्ट सिरीजमध्ये तिचं जीवशास्त्र ३६० पैकी २८०च्या आसपास घुटमळत होतं. सर म्हणाले, "रीडिंग कमी पडतंय, वाढव." वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगेना. मग एकामागून एक तीन गोष्टी करून बघितल्या.

पहिलं एक पैसे भरून घ्यायचं ॲप. नाव घेत नाही. उतारा वाचा, खालचे प्रश्न सोडवा. चित्रकला, तत्त्वज्ञान, शहरांचा इतिहास असे उतारे. मला स्वतःला आवडले. पण नीटला उताऱ्यांचा विभागच नसतो! हा साचा अमेरिकेतल्या एमकॅटचा, म्हणजे तिथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा. तिथे उताऱ्यांचा स्वतंत्र विभाग आहे, ९ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं, आणि उत्तर उताऱ्यातूनच काढायचं, बाहेरची माहिती लागत नाही. आपल्याकडे १८० प्रश्न, १८० मिनिटं, त्यात जीवशास्त्राचे ९०. फिजिक्सला वेळ उरावा म्हणून मुलं हे नव्वद पाऊण तासात उरकायला बघतात. एका प्रश्नाला अर्धा मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटात कधी पाच पाच विधानं वाचायची. लांब उतारा संथपणे पचवण्याची सवय इथे फारशी उपयोगी पडत नाही. मुदत संपल्यावर ॲप परत घेतलं नाही.

इंग्रजी पेपरातला अग्रलेख रोज वाचायचा, हा दुसरा उपाय. इंग्रजीची भीती थोडी मोडली, मार्क हलले नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही.

फरक पडला तो तिसऱ्या गोष्टीनं. एनसीईआरटीचं जीवशास्त्र आणि मागच्या वर्षांचे खरे पेपर, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. सुरुवातीला तिला चुकलेल्या प्रश्नांचे तीन गट करायला लावले : माहीतच नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, आणि दोन पर्यायांत अडकले. आम्हाला वाटत होतं पहिला गट मोठा निघेल. निघाला दुसरा. 'चुकीचं विधान ओळखा' असं विचारलेलं असताना बाईसाहेब बरोबर विधानावर गोल करून मोकळ्या. बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा, म्हणजे येणाऱ्या प्रश्नातसुद्धा ५ मार्कांचा खड्डा.

मग रात्री जेवणं झाल्यावर आमचा खेळ सुरू झाला. तिनं दिवसा वाचलेलं पान मी हातात घ्यायचं आणि एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं, पण मधेच एखादा शब्द बदलून. तिनं तो पकडायचा. वाचणाऱ्याला विषय कळायची गरज नाही, हे यातलं सगळ्यात बरं. एकदा मी वाचलं, "सगळ्या सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं."

"बरोबर आहे."

"पुस्तकात 'बहुतेक' लिहिलंय."

"पप्पा, तेवढ्यानं काय होतंय?"

त्याच आठवड्यात टेस्टला 'बहुतेक'च्या जागी 'सर्व' घातलेलं विधान आलं. त्यानंतर "तेवढ्यानं काय होतंय" ऐकू आलं नाही. आमच्याकडे शेतकरी पट्टी (माल विकल्याच्या हिशेबाची पावती) हातात पडली की खालचा आकडा बघतो आणि खिशात घालतो, हमाली-तोलाई मधल्या ओळींत असते. पोरांचं वाचन तसंच चाललेलं असतं.

आकड्यांचंही तेच. रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात जातो, २० ते २५ टक्के तांबड्या पेशींतून, आणि ७ टक्क्यांच्या आसपास प्लाझ्मात विरघळून. तिला तिन्ही आकडे तोंडपाठ होते. मी जोड्या फिरवून वाचल्या की अडखळायची. आता अडखळत नाही.

सगळ्यात वेळखाऊ प्रकार 'कथन आणि कारण'. दोन विधानं देतात, दोन्ही खरी आहेत का आणि दुसरं हे पहिल्याचं कारण आहे का ते ठरवायचं. उदाहरण देतो. कथन : हृदयाच्या डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा जाड असते. कारण : डाव्या निलयात ऑक्सिजनयुक्त रक्त असतं. दोन्ही खरी. म्हणून पोरं लगेच 'दोन्ही खरी आणि कारण बरोबर' हा पर्याय भरतात. पण भिंत जाड आहे ती रक्त साऱ्या शरीरात जोरानं ढकलावं लागतं म्हणून. रक्तात ऑक्सिजन किती, याचा जाडीशी संबंध नाही. इथे एक युक्ती लागू पडली. दोन वाक्यांच्या मधे "कारण की" घालून मोठ्यानं म्हणायचं आणि कानाला पटतंय का बघायचं. परीक्षेत मोठ्यानं म्हणता येणार नाही, पण सवय लागली की मनातल्या मनात होतं.

आता तोटे. यात दुसरा माणूस लागतो. नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की मी रात्री पुस्तक हातात धरूनच पेंगायचो, मग तिच्या आईनं सूत्रं घेतली. ती हळू वाचते, चेहऱ्यावर काही दाखवत नाही, त्यामुळे शब्द कुठे बदललाय याचा पत्ता लागत नाही. माझ्यापेक्षा तीच बरी. फिजिक्सला या प्रकाराचा उपयोग जवळपास शून्य, गणितं ती गणितंच. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिकला थोडा झाला.

एक सावधगिरी. शेजाऱ्यांकडून जुनी पुस्तकं आणली असतील तर धडे मोजा. अकरावीच्या जुन्या पुस्तकात २२ धडे होते, नव्यात १९. बारावीचे १६ होते, आता १३. तेव्हा यंदाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवूनच वाचा, नाहीतर घोटीव पाठ केलेला धडा पेपरात यायचाच नाही. मराठीतून पेपर द्यायचा विचार असेल तर मराठी पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो आणि दोन्हींत फरक निघाला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. आम्ही त्यामुळे सराव इंग्रजीतूनच ठेवला, समजावून घेणं मराठीतून.

परीक्षा अजून व्हायची आहे, त्यामुळे निकालाचं काही सांगत नाही. टेस्ट सिरीजला जीवशास्त्र आता ३२०च्या खाली फारसं येत नाही, आणि दुसऱ्या गटातल्या चुका बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात. दोन पर्यायांत अडकणं मात्र अजून तसंच आहे. त्यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा. सुरुवात करायची असेल तर मानवी शरीरक्रियेच्या धड्यांपासून करा, आकडे आणि 'बहुतेक' तिथे पानोपानी सापडतात.