गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर घरी बदलला, आता गॅस गेजवर भरायचा की मशीनवर?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॉम्प्रेसर बदलला, बेल्ट ताणला, गॅस भरला. कात्रज-देहूरोड बायपासवर एसी मस्त गार लागतो, पण विद्यापीठ चौकात सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की कोमट वारा. अशा वेळी पहिला संशय नव्या कॉम्प्रेसरवर जातो. माझ्या मते आधी गॅस किती भरला आणि कसा भरला ते विचारावं.

घरी काम करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, स्वतःचा मॅनिफोल्ड गेज (दाब दाखवणाऱ्या काट्यांचा संच), व्हॅक्युम पंप (आतली हवा आणि ओल ओढून काढणारा) आणि गॅसचे ४५० ग्रॅमचे कॅन. दुसरी, कॉम्प्रेसर आपण बसवायचा आणि गॅसपुरती गाडी रिकव्हरी मशीन (जुना गॅस काढून नवा वजनाने भरणारं) असलेल्या गॅरेजला न्यायची. पुढचं सगळं आर-१३४ए गॅसबद्दल आहे. बॉनेटखालच्या स्टिकरवर दुसरा गॅस लिहिला असेल तर कॅनचा विचारच सोडा.

दोष शोधायला गेज उत्तम, याबद्दल दुमत नसावं. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) चढलेली आणि हाय साइड (कॉम्प्रेसरने दाबून पुढे ढकललेल्या गॅसचा दाब) पडलेली असेल, तर कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी. लो साइडचा काटा व्हॅक्युमकडे झुकला तर एक्स्पान्शन वाल्व्हपाशी (गॅस जिथे बारीक छिद्रातून सुटून थंड होतो) अडथळा. एसी अर्धा तास चालून गरम होतो, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, असं होत असेल तर तो अडथळा बर्फाचा समजा. आत ओल राहिली आहे, म्हणजे ड्रायर (ओल शोषणारी डबी) बदलला नाही किंवा व्हॅक्युम पुरेसा धरला नाही. कॉम्प्रेसरचं पीएजी ऑइल हवेतली ओल ओढतं. जुलैत पाइप उघडे ठेवून नाना पेठेत ओ-रिंग (जोडांवरची रबरी कडी) आणायला गेलात, तर ड्रायर गेलाच म्हणून धरा.

कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा क्लच ओढतच नसेल तर आधी इंजिन बंद ठेवून दाब बघा. गॅस असूनही ओढत नसेल तर क्लचच्या चुंबकी कॉइलच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते तपासा. कॉइलचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो. पुली आणि प्लेटमधली फट फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) मोजा, ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवी. फट जास्त असली की थंड इंजिनवर क्लच ओढतो आणि कॉइल तापल्यावर सोडून देतो. क्लच नसलेल्या, बदलत्या क्षमतेच्या कॉम्प्रेसरला मात्र हे लागू नाही. तिथे कंट्रोल वाल्व्ह आणि त्याचा सिग्नल बघावा लागतो.

व्हॅक्युमच्या बाबतीतही घरचा पंप सरस ठरू शकतो, कारण घरी घाई नसते. पाऊण तास ओढा, पंप बंद करा, वीस मिनिटं काटा हलतो का ते बघा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे पूर्ण व्हॅक्युमलाही काटा इथे पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपासच थांबतो. माहितीपत्रकात २९.९ लिहिलंय म्हणून पंप परत करायला जाऊ नका.

आता ज्या एका गोष्टीने मला मशीनकडे वळवलं, ती. गेज दाब सांगतो, वजन सांगत नाही. इंजिन बंद असताना ३५ अंशांना गेज साधारण ११५ पीएसआय दाखवतो. आत १५० ग्रॅम असो वा ५०० ग्रॅम, जोवर थोडाही गॅस द्रवरूपात आहे तोवर आकडा तोच. एसी चालू केला की काटे बाहेरचं तापमान, दमटपणा, ब्लोअरचा वेग आणि इंजिनचे फेरे या सगळ्यांबरोबर हलतात. त्यातून ड्रायर असलेल्या सिस्टिममध्ये जादा गॅस काही काळ ड्रायरमध्ये साठतो आणि काटे फारसे बदलतच नाहीत. ‘लो साइडला ३५ पीएसआय आलं, झालं’ म्हणणारा नेमका इथे फसतो.

छोट्या हॅचबॅकमध्ये गॅस बरेचदा ३५० ते ४५० ग्रॅमच बसतो. ३५० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये ५० ग्रॅम जास्त म्हणजे सातवा हिस्सा जास्त. तो द्रव कंडेन्सरमध्ये (रेडिएटरसमोरची जाळी, जिथे गॅस थंड होतो) साचतो, गॅस थंड व्हायला जागा उरत नाही आणि हाय साइड चढते. बायपासवर समोरचा वारा ते झाकून टाकतो. सिग्नलला दाब वाढत जातो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. पण कंडेन्सरचा पंखा मंद असेल, जाळीत धूळ बसली असेल किंवा सिस्टिममध्ये हवा राहिली असेल, तरी अगदी हेच दिसतं. कंडेन्सरवर पाणी मारून हाय साइड उतरली, तरी यातलं नेमकं कोणतं हे कळत नाही. वजन पक्कं माहीत असेल तर एक संशयित तिथल्या तिथे सुटतो आणि थेट पंख्याच्या रिलेकडे जाता येतं. वजन माहीत नसेल तर थोडा गॅस सोड, थोडा भर, हा खेळ संपत नाही. आणि हवेत सोडलेला हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमान वाढवतो. म्हणून जुना कॉम्प्रेसर काढण्याआधीचा गॅससुद्धा मशीननेच काढून घेतलेला बरा.

कॅन डिजिटल काट्यावर ठेवून घरीही वजनाने भरता येतं, हे खरं. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, आधी कॅनला जोडलेल्या पिवळ्या नळीतली हवा काढणं आणि शेवटी नळ्यांत अडकलेल्या गॅसचा हिशेब, एवढं सांभाळणाऱ्याचं काम चांगलं होतं. इंजिन चालू असताना गेजचा हाय साइडचा लाल वाल्व्ह मात्र चुकूनही उघडू नये. हाय साइडचा दाब कॅनमध्ये शिरून कॅन फुटतो.

मशीनवाल्यांकडेही सगळं आलबेल नसतं. गर्दीच्या दिवसांत व्हॅक्युम दहा मिनिटांत उरकतात, तेव्हा निदान अर्धा तास आधीच बोलून ठेवा. ऑइल मशीनला आपोआप टाकू देऊ नका. नवा कॉम्प्रेसर बरेचदा पूर्ण सिस्टिमचं ऑइल घेऊन येतो आणि जुनं थोडं ऑइल कंडेन्सरमध्ये, कूलिंग कॉइलमध्ये राहिलेलंच असतं. जुन्या कॉम्प्रेसरमधून निघालेलं ऑइल मोजपात्रात मोजा, नव्यात साधारण तेवढंच ठेवा, ड्रायर बदलला असेल तर त्याच्यासाठी थोडं वाढवा. ऑइल जास्त झालं तरी थंडावा घटतो आणि ते कोणत्याच गेजवर दिसत नाही. गॅस भरल्यावर बेल्ट फिरण्याआधी क्लचची प्लेट हाताने दहा वेळा फिरवा, म्हणजे आत साचलेलं ऑइल एकदम दाबलं जाणार नाही. जुना कॉम्प्रेसर आतून झिजून चुरा सोडून गेला असेल, तर बारीक नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, बदलावाच लागतो. तो न बदलता कोणत्याही पद्धतीने गॅस भरला तरी नवा कॉम्प्रेसर टिकणार नाही.

वेळ भरपूर, हात सराईत आणि घरी वजनाचा काटा असेल तर गेजची वाट चुकीची म्हणता येणार नाही. तरी माझा कल असा, की गेज घरी ठेवावा तो तपासणीसाठी, आणि शेवटची भरणी मशीनवर करावी. किती ग्रॅम भरला ते तारखेसह चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आत लावा. पुढे थंडावा कमी वाटला तर त्याच मशीनवर गॅस काढून घ्या. ४०० भरला होता आणि ३१० निघाला, तर कॉम्प्रेसरला हात लावण्याआधी नव्या ओ-रिंगांपाशी गळती शोधायची.