वेळासची पिल्लं की ऋषिकुल्येच्या माद्या, कासवं बघायला नक्की कुठं जायचं?

जानेवारी संपत आला की मला हा प्रश्न हमखास येतो. कासवं बघायचीयेत, तर कोकणातल्या वेळासला जाऊ की एकदाच काय ते ओडिशात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी जाऊन लाखो कासवं बघून येऊ? मी वेळास-आंजर्ल्याला पाच-सहा वेळा गेलेय, ऋषिकुल्येला दोनदा, आणि त्यातल्या एकदा हात हलवत परत आलेय, त्यामुळं दोन्हीकडचं बरंवाईट सांगू शकते.

आधी एक घोळ मिटवते कारण निम्मे लोक इथंच फसतात. कासव दोन्हीकडं एकच, ऑलिव्ह रिडले, पण बघायला मिळतं ते वेगळं. वेळासला बघायची असतात पिल्लं. अंडी घालायला येणारी मादी तिथं रात्री कधीतरी एकटीच येते, तासाभरात खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते, पहाटे गस्तीला आलेल्या कासवमित्राला दिसतो तो नुसता तिचा माग, पुळणीवरून छोटा ट्रॅक्टर गेल्यासारखा. तुम्हाला ती दिसेल ही आशा सोडूनच द्या. ऋषिकुल्येला उलटं, तिथं लोक जातात ते माद्या बघायला, एकाच किनाऱ्यावर आठ-दहा दिवसांत लाखोंनी येतात त्या. त्याला अरिबाडा म्हणतात, मूळ स्पॅनिश शब्द, अर्थ साधा, आगमन. तिथंही पिल्लं निघतात, पण दीड महिन्यानंतर, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये, आणि तोवर माद्या बघायला आलेले सगळे घरी परतलेले असतात.

म्हणजे पहिला प्रश्न ‘कुठं’ हा नाहीच, तुम्हाला आई बघायचीये की पोरं हा आहे.

आता तारखांचं. वेळासला प्लॅनिंग बऱ्यापैकी जमतं. सापडलेलं घरटं उकरून अंडी हॅचरीत, म्हणजे पुळणीवरच्या कुंपण घातलेल्या जागेत आणतात, तेवढ्याच खोलीचा, तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात आणि वर तारीख लावतात. तिथून पन्नास-पंचावन्न दिवस मोजायचे, थंडी असली तर थोडे जास्त, की पिल्लं कधी निघतील त्याचा अंदाज येतो. तिथला कासव महोत्सव त्यामुळंच साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतो. तरी अंदाज तो अंदाजच. एकदा आमच्या अख्ख्या ग्रुपला शनिवारी संध्याकाळी शून्य पिल्लं आणि रविवारी सकाळी सात, आणि त्या सातांसाठी दोरीच्या अलीकडं कमीत कमी तीनशे माणसं, ज्यांना पुढची रांग मिळाली नाही त्यांनी लोकांच्या पाठी बघितल्या. नंतर मंगळवारी गेले तेव्हा आम्ही पंधराजण होतो आणि एकाच घरट्यातून चाळीसच्या वर निघाली. तेव्हा वेळास ठरवलंत तर एक रजा टाका पण शनिवार-रविवार टाळा, बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल.

ऋषिकुल्येचं कॅलेंडर कासवांच्या हातात. फेब्रुवारी-मार्च एवढंच सांगता येतं, पुढं वारा, चंद्र, समुद्र काय म्हणतो त्यावर. तिथले मच्छीमार दक्षिणेचा वारा सुटायची वाट बघतात. २०२३ ला सहा लाखांच्या वर माद्या आल्या, २०२४ ला त्या किनाऱ्यावर अरिबाडा झालाच नाही, २०२५ ला परत सहा लाखांच्या वर. मी पहिल्यांदा गेले ते नेमकं २०२४ ला, एका टूरवाल्यानं ‘मॅडम गॅरंटी’ म्हणून ॲडव्हान्स घेतला होता, चार दिवस जवळच्या गोपाळपूरला बसून रोज संध्याकाळी त्याला फोन करायचा आणि त्यानं ‘आज रात्री नक्की’ म्हणायचं. शेवटी चिलिका सरोवराला जाऊन आलो आणि गाडीत बसलो. अरिबाड्याची गॅरंटी देणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा लबाड. तो पैसे परत देणार नाही हेही धरून चला.

प्रवासाची तर तुलनाच नको. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड करत सकाळी निघून दुपारच्या जेवणाला वेळास गाठता येतं. हरिहरेश्वर बघायचं असेल तर बागमांडल्याहून फेरीत गाडी घालून वेश्वीला उतरायचं, बाणकोटचा किल्ला वाटेतच आहे. ओडिशाला एकतर विमानानं भुवनेश्वर आणि पुढं दीडेकशे किलोमीटर रस्ता, नाहीतर कोणार्क एक्सप्रेसनं दीड दिवस काढून ब्रह्मपूरला उतरायचं. ज्याला चार दिवस आधी कळल्यावर तिकीट काढून पळता येतं त्याच्यासाठी ठीक. शाळेतली मुलं असतील, मार्चच्या परीक्षा असतील, तर विसरा.

बरं, मुलांचा विषय निघालाच आहे तर. सात-आठ वर्षांच्या पोराला वेळासइतकं दुसरं काही दाखवण्यासारखं नाही असं माझं मत. सकाळी सातला हॅचरीचं दार उघडतं, कासवमित्र एकेका घरट्यावरची टोपली उचलतो, आणि सगळे एकदम गप्प. वाळू मधोमध जराशी खचलेली दिसली की समजायचं खाली हालचाल आहे. त्या खचलेल्या जागेतून आधी एक काळं नाक येतं, मग अंगठ्याएवढं डोकं, मग एक पंख, आणि मग जरा वेळ काहीच नाही, ते दमलेलं असतं. सगळी गोळा करून पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, थेट पाण्यात नाही, कारण तेवढं चालत जाण्यातच त्या किनाऱ्याची ओळख त्यांच्यात बसते असं मानलं जातं आणि माद्या मोठ्या झाल्यावर पुन्हा त्याच भागात येतात. एकेक जण चालायला लागतो, एखादा भलत्याच दिशेला, एखादा कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडून उलटा होतो आणि तिथंच पंख मारत बसतो. पहिली लाट येते ती बहुतेकांना परत आणून टाकते. माझा भाचा त्या वेळी माझा हात इतका घट्ट धरून होता की वळ उठले. त्यातली हजारात एखादंच मोठं होतं हे मी त्याला गाडीत बसेपर्यंत सांगितलं नाही.

ऋषिकुल्या मुलांसाठी नाही, थोडी जड आहे. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा अरिबाडा मिळाला. गावातल्या एका पोराच्या मागं, टॉर्च बंद, कडेकडेनं चालत गेलो, आधी काही दिसेना, नुसता आवाज. धप्, धप्, धप्. अंडी घालून झाल्यावर मादी आपल्या पोटानं वाळू ठोकून बसवते, चाळीसेक किलोचं धूड डावी-उजवीकडं हलत ठोकत असतं, आणि अशा शेकडो एकदम. मध्येच जोरात श्वास सोडल्याचा आवाज, एखाद्या दमलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. डोळ्यातून पाणी येत असतं, ते रडणं नाही, अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायची सोय आहे, पण तेव्हा तिथं उभं राहून हे स्वतःला पटवणं अवघड जातं. उजाडायला लागलं तरी येतच होत्या. आणि जागा अपुरी पडते म्हणून मागून आलेली मादी आधीचीचं घरटं उकरते, फुटलेली अंडी सगळीकडं, त्याचा वास, वर कावळे, बाजूला कुत्री. हे कुठल्या रीलमध्ये दिसत नाही. सगळ्यांनी एकदम यायचं कारणही हेच, खाणारे कितीही असले तरी सगळं खाऊन संपवू शकत नाहीत.

शिवाय मेलेली कासवं. ओडिशाच्या किनाऱ्यावर दर वर्षी हजारोंनी वाहून येतात, बहुतेक ट्रॉलर बोटींच्या जाळ्यात गुदमरलेली, कारण कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. आम्ही सकाळी परत येताना अर्ध्या तासात अकरा मोजली आणि मग मोजायचं सोडलं. कोकणातही अशी येतात, पण संख्या तेवढी नाही.

आता मुद्दा पैशांचा, म्हणजे तुमच्या जाण्यानं कासवांना काय मिळतं. इथं माझं मत अगदी सरळ वेळासकडं झुकतं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं, भाऊ काटदऱ्यांच्या पुढाकारानं, तिथं काम सुरू केलं तेव्हा घरटी सर्रास लुटली जायची. २००६ पासून महोत्सव सुरू झाला आणि लोक गावातल्याच घरांत उतरायला लागले. पाखाडीतलं एखादं कौलारू घर, पडवीत गाद्या, मागं पोफळी, पंगतीला आमटी-भात, बहुतेक घरी शाकाहारी, मासे खायचे तर आंजर्ल्याला थांबा. हे पैसे थेट त्या घरात जातात. ज्या गावाला कासवामुळं दोन महिने चार पैसे मिळतात ते गाव घरटं फोडू देत नाही, एवढा साधा हिशोब आहे. आता वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, आणखी बऱ्याच किनाऱ्यांवर हॅचऱ्या आहेत, पण पाहुणा हा वेळासच्या गणितात पहिल्यापासून धरलेला आहे.

ऋषिकुल्येला तसं नाही. तिथल्या मच्छीमाराला १ नोव्हेंबर ते ३१ मे समुद्रात वीस किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे कासवाची किंमत तो सात महिने मोजतो, आणि तुम्ही उतरणार गोपाळपूरच्या नाहीतर भुवनेश्वरच्या हॉटेलात. पुळणीवर मोकळं फिरता येत नाही, पहारा असतो, नियम वर्षावर्षाला बदलतात, आणि ते योग्यच आहे, मी तर म्हणते अजून कडक करा. गेलातच तर गाडी, नाश्ता, वाटाड्या सगळं किनाऱ्यालगतच्या गावातूनच घ्या. ओडिशातलाच दुसरा अरिबाड्याचा किनारा, गहिरमाथा, त्याचं कुणी विचारू नका, ते सागरी अभयारण्य आहे, शेजारी क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचं बेट आहे, तुम्हाआम्हाला तिथं प्रवेश नाही.

हॅचरीबद्दल एक शंका बरेच जण काढतात आणि ती बरोबर आहे, अंडी हलवणं हे निसर्गात ढवळाढवळ नाही का? आहेच. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त, त्यामुळं हॅचरी कुठं बांधली, सावली किती दिली यानं फरक पडतो. पण जिथं मोजकीच घरटी होतात आणि कोल्ही-कुत्री-माणसं सगळे टपलेले असतात तिथं ती जागेवर सोडणं म्हणजे देऊन टाकणं. लाखोंची गोष्ट वेगळी, तिथं जाळी लावून किनारा राखतात आणि अंडी आहेत तिथंच राहतात. तुम्ही फक्त एक बघा, दुपारी निघालेली पिल्लं उन्हामुळं संध्याकाळपर्यंत थांबवली तर ठीक, पण उद्याच्या गर्दीसाठी रात्रभर टबात ठेवलेली दिसली तर तिथं परत जाऊ नका. पिल्लाकडं पोटातल्या बलकाची शिदोरी असते आणि ती खोल पाण्यात पोचायला लागते, टबाच्या कडेला धडका मारण्यात संपवायला नाही. फ्लॅश आणि हातात घेऊन सेल्फी, यावर मी बोलायलाच नको.

गोव्याला जाणारच असाल तर मोरजी, आगोंद, गालजीबाग इथंही घरटी होतात, पण फक्त त्यासाठी जाऊ नका. सिंधुदुर्गात वायंगणी आहे, शांत आहे, गर्दीला कंटाळलेल्यांनी तिकडं वळावं.

आणि ‘कोकणातली कासवं वेगळी, ओडिशातली वेगळी’ असं जे सगळे धरून चालतात ना, त्याला एक मस्त धक्का बसलाय. २०२३ ला गुहागरला ट्रान्समीटर लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२५ ला गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. तिनं दोन्ही किनारे बघितले, आपणच एक निवडत बसलोय.

तर तुमचं ठरवायचं झालं तर, मुलं बरोबर, दोन-तीन दिवस हातात, पहिलीच वेळ, डोळे झाकून वेळास किंवा आंजर्ले, मार्चचा शेवट, मधला वार, निघायच्या आदल्या दिवशी घरमालकांना फोन करून किती घरटी फुटायच्या बेतात आहेत ते विचारून घ्या, ते खरं सांगतात, ‘आत्ता काय नाय हो, पुढल्या आठवड्यात या’ असंसुद्धा सांगतात. एकटे-दुकटे असाल, रजा पटकन मिळते, रिकामं परत यायची तयारी आहे आणि वास-बीस सहन होतो, तर ऋषिकुल्या, पण तिकीट चिलिकाचं समजून काढा, अरिबाडा मिळाला तर वरकड. पाण्याची बाटली, गडद रंगाचे कपडे, आणि लाल कागद लावलेला टॉर्च, तोही गरज पडली तरच लावायचा.